वाचलेला तास कुणाचा?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात शिकणं आणि काम करणं यांच्यातली भिंत कधीच फार जाड नव्हती. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरीत कारखाना उभा केला तेव्हा कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी यंत्रांइतकंच लक्ष उमेदवारांच्या प्रशिक्षणाकडे दिलं. पुढे मोरवाडीत महापालिकेची आयटीआय झाली, कासारवाडीत मुलींसाठी वेगळी आयटीआय झाली आणि कारखान्यांची रांग भोसरीपासून म्हाळुंगे-निघोज्यापर्यंत पोचली. आयटीआयची कार्यशाळा आणि कारखान्याचा शॉप फ्लोअर या दोन जागी इथला कामगार घडत आला. आता तिसरी जागा आली आहे, मोबाइलच्या पडद्याची. तिन्ही जागा मिळून शिकवायचं म्हटलं की अभ्यासक्रम नव्याने आखावा लागतो; पुस्तक, तक्ता, चित्रफीत यांचं रूपही बदलावं लागतं. हा बदल कुणी कसा करावा, यावर इथे दोन ठाम मतं आहेत. खालच्या संवादातले सर फिटर ट्रेडचे ज्येष्ठ शिल्पनिदेशक आहेत. मॅडम संस्थांसाठी आणि कारखान्यांसाठी अभ्यासक्रम व डिजिटल साहित्य तयार करतात. दोघंही कुणी एक विशिष्ट व्यक्ती नाहीत. या पट्ट्यात जी दोन म्हणणी पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांना इथे आवाज दिला आहे.

सर: मॅडम, आधीच सांगतो, माझा राग मोबाइलवर नाही. 'हायब्रिड' म्हणून जे आमच्या हातात ठेवतात, त्याच्यावर आहे. मार्च २०२०मध्ये संस्था बंद झाल्या. आम्ही मुलांच्या ग्रुपवर पीडीएफ टाकल्या, ऑनलाइन तास घेतले. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण साथ ओसरली तरी ती सोय गेली नाही, तीच पद्धत होऊन बसली. व्हर्नियर कॅलिपरचा व्हिडिओ पाहिलेला मुलगा त्याचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर म्हणून झटकन सांगतो. हातात व्हर्नियर दिला की जबडे इतके आवळतो, की माप चुकतंच. किती दाबायचं हे त्याला कुठल्या पडद्याने सांगायचं?

मॅडम: कुठल्याच नाही, सर. ते बोटांनाच कळतं, आणि त्याबद्दल माझा वाद नाही. साथीत जे झालं त्याला मीही हायब्रिड म्हणत नाही. फळ्यावरचं व्याख्यान उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवलं होतं, एवढंच. पण तुम्ही मला सांगा, साथीच्या आधी थिअरीचा तास कसा चालायचा? ड्रिलचा पॉइंट अँगल ११८ अंश, हे फळ्यावर लिहून झालं. ड्रिलिंगचा जॉब मुलाच्या हातात आला तीन आठवड्यांनी. तोवर ते ११८ अंश वहीतच राहिले. पडद्याचं मला जे मोल वाटतं ते इथे. ज्या सकाळी ड्रिल हातात येणार, त्याच सकाळी पाच मिनिटांत तो कोन बघता येतो, आणि धार बोथट झालेली दिसली की पुन्हा उघडून बघता येतो.

सर: हे आमच्या अभ्यासक्रमात आधीपासून आहे. डीजीटीच्या, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महानिदेशालयाच्या, कुठल्याही ट्रेडचं पान उघडा. एका रकान्यात तास, शेजारी शिकून काय यायला हवं ते, मग प्रात्यक्षिक आणि अगदी उजवीकडे त्याच कामाची थिअरी. आखणाऱ्याने दोन्ही शेजारीशेजारीच ठेवली आहेत.

मॅडम: रकाने शेजारी आहेत, शिकवणं शेजारी नाही. वर्ग एका इमारतीत, कार्यशाळा दुसऱ्या. कधी थिअरीचे सर वेगळे, प्रात्यक्षिकाचे वेगळे. जर्मनीलाही ही अडचण आली होती. तिथला उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो. शाळेत गणित, ड्रॉइंग, पदार्थविज्ञान असे वेगवेगळे विषय शिकवले, तर ते कंपनीतल्या कामाला कुठे जोडायचे हे मुलाला उमगेना. म्हणून १९९६पासून त्यांनी व्यवसाय शाळांचे अभ्यासक्रम कामाच्या प्रसंगांभोवती बांधायला घेतले. 'एक साधी यंत्रणा जुळवणं' हा प्रसंग घेतला, की त्याला लागणारं ड्रॉइंग, त्याचं गणित, त्याचं मटेरियल हे सगळं त्या प्रसंगातच शिकवायचं. दोन जागी शिकवायचं असेल, तर जोडणारा धागा विषयाचा ठेवून चालत नाही, कामाचा ठेवावा लागतो. आपल्याकडे आता तीन जागा आहेत, म्हणजे धागा आणखीच पक्का हवा.

सर: धाग्याचं पुढे बघू. आधी तासांचा हिशोब करू या, कारण माझं दुखणं तिथे आहे. २०२२च्या आधी फिटरच्या अभ्यासक्रमाला वर्षाचे १६०० तास होते, त्यात प्रात्यक्षिकाचे १०००. २०२२मध्ये नवी रचना आली आणि वर्ष १२०० तासांचं झालं. प्रात्यक्षिकाला उरले ८४०. वर्षाला १६० तास हातातून गेले. आणि नेमक्या त्याच काळात सगळे म्हणू लागले, की 'आता डिजिटल साहित्य आहे, मुलं घरी शिकतील'.

मॅडम: पूर्ण हिशोब मांडा, सर. १६००पैकी १००० म्हणजे साडेबासष्ट टक्के. १२००पैकी ८४० म्हणजे सत्तर टक्के. प्रात्यक्षिकाचा वाटा वाढला आहे. शिवाय त्या १२०० तासांबाहेर दरवर्षी १५० तास कारखान्यातल्या प्रत्यक्ष कामाचे किंवा गट प्रकल्पाचे आहेत. ते धरले, तर गेलेले १६० तास जवळजवळ भरून निघतात.

सर: हाताला टक्के कळत नाहीत, मॅडम, त्याला तास कळतात. सपाट पृष्ठभागाला फाईल मारताना पहिले कितीतरी दिवस मुलाच्या जॉबचा मधला भाग फुगीर राहतो, कारण पुढे जाताना आणि मागे येताना हात वर-खाली झुलतो. तो झोल जातो तो फक्त फाईल मारून. आणि ते १५० तास 'प्रत्यक्ष काम किंवा प्रकल्प' असे आहेत. त्या 'किंवा'मध्ये बरंच काही निसटतं. जवळ कारखाना असलेल्या मुलाला काम मिळतं, दूरच्या मुलाला प्रकल्पाची वही. आपल्या पट्ट्यात कारखाने दारात आहेत, म्हणून आपल्याला ही गळती दिसत नाही. राज्यात सगळीकडे चाकण नाही.

मॅडम: हे मला मान्य आहे. पण मग गुन्हेगार पडदा नाही. वेळापत्रक आखताना वाचलेला वेळ कुठे गेला याचा हिशोब कुणी ठेवला नाही, दोष तिथे आहे.

सर: ठीक आहे, हे लक्षात ठेवू. आता सांगा, पडद्यावर काय जावं हे ठरवायचं कसं? उच्च शिक्षणात यूजीसीने मे २०२१मध्ये मसुदा काढला, विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन चालेल म्हणून. तसाच एक आकडा उद्या आमच्याकडे आला, तर वेल्डरला आणि संगणक ऑपरेटरला एकच माप लागणार.

मॅडम: आकड्याने अभ्यासक्रम आखूच नये. एकेक कौशल्य समोर घ्यावं आणि विचारावं, की ते शिकताना मुलाला नेमकी अडचण कुठे येते. सीएनसीचं उदाहरण घ्या. तुकडीत वीस मुलं, आणि चालू मशिन किती? एखादं, फार तर दोन. प्रोग्राम लिहिताना जी-झीरो-वनच्या जागी जी-झीरो-झीरो पडलं, की कापायच्या जागी टूल पूर्ण वेगाने धावतं. ऑफसेट चुकीचा भरला, की टूल थेट चकवर आदळतं. ही चूक मुलाने करायलाच हवी, त्याशिवाय तो शिकणार नाही. पण खऱ्या मशिनवर ती झाली, तर स्पिंडल जातो आणि आठवडाभर वीसही मुलं हात बांधून बसतात. सिम्युलेटरवर तो ती चूक सकाळपासून संध्याकाळपर्यंत करू शकतो. इथे पडदा मशिनची जागा घेत नाही, मशिनपाशी जायची तयारी करून घेतो.

सर: सीएनसीच्या बाबतीत तुमचं म्हणणं मी उचलून धरतो. तिथे अर्धं काम डोक्यात आणि पडद्यावरच असतं. तरी एक सांगतो. सिम्युलेटरवर चिप निघत नाही. टूल बोथट झालं की आवाज बदलतो, पृष्ठभागावर थरथरीच्या रेघा उमटतात, चिपचा रंग निळसर होतो. चांगला ऑपरेटर हे बघून टूल बदलतो, वेग-फीड सावरतो. सिम्युलेटरवर जॉब दर वेळी गुळगुळीतच निघतो, त्यामुळे मुलाला वाटतं प्रोग्राम बरोबर म्हणजे जॉब बरोबर.

मॅडम: मग पाठ असा आखायचा, की सिम्युलेटरवर पास झालेला प्रोग्राम मशिनवर लावून त्याच दिवशी तीन वेगवेगळ्या फीडने तीन जॉब काढायचे आणि पृष्ठभागांची तुलना करायची. पडद्याला जे दाखवता येत नाही तेच मशिनवरच्या तासाचं काम ठरवायचं.

सर: आणि वेल्डिंग? आता तिथेही डोळ्यांवर तो व्हीआरचा चष्मा आला आहे. ३.१५ मिलिमीटरचा इलेक्ट्रोड घेतला, तर आर्कची लांबी साधारण त्याच्या तारेच्या जाडीइतकीच राहायला हवी. हे मुलाला कसं कळतं? आवाजाने, हाताला लागणाऱ्या धगीने, काचेआडून दिसणाऱ्या वितळलेल्या धातूच्या डबक्यावरून. चष्म्यात धग नाही.

मॅडम: धग नाही, पण मोजमाप आहे. तुमचा मुलगा टाका घालताना इलेक्ट्रोडचा कोन पाच अंशांनी कलला की हात पुढे पळाला, हे हेल्मेटआडून तुम्हाला प्रत्येक वेळी दिसतं का? सिम्युलेटर कोन, अंतर, वेग तिन्ही सेकंदासेकंदाला नोंदवतो. एकही प्लेट आणि एकही इलेक्ट्रोड न जाळता मुलाला वीस वेळा टाका घालता येतो. भंगारात जाणारं लोखंड हा आयटीआयच्या तुटपुंज्या निधीवरचा मोठा भार आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

सर: जाणतो. म्हणूनच नाही म्हणत नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे. पहिला आर्क खराच पेटला पाहिजे. मुलाला इलेक्ट्रोड चिकटवू दे, घाबरू दे, ठिणग्या बघू दे. मग त्याला चष्मा द्या. एकदा आर्क हातून निसटला, की आर्क कसा धरायचा हे शिकण्याची भूक लागते. ती भूक नसताना चष्मा दिला, तर मुलाला तो खेळ वाटतो. त्यानंतर पुन्हा खऱ्या बूथमध्ये आणा.

मॅडम: आधी खरं, मग पडदा, मग पुन्हा खरं. माझ्या बहुतेक सहकाऱ्यांनी हे उलट आखलं आहे. आधी व्हिडिओ, मग प्रश्नमंजूषा, शेवटी कार्यशाळा. तुमचा क्रम मला पटतो, पण सगळ्याच कामांना नाही. इलेक्ट्रिक गाड्यांचं बघा. आकुर्डीला, जिथे पेट्रोलवरची चेतक बनायची, तिथे २०२२मध्ये बजाजने इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू केला. चाकणच्या लाइन्सवरही बॅटरी पॅक आले. डीसी प्रवाहात ६० व्होल्टच्या वर धोका मानतात आणि इलेक्ट्रिक कारचा पॅक तीनशे-चारशे व्होल्टचा असतो. तिथे 'आधी चूक करू दे' म्हणता येत नाही. इन्सुलेटेड हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ द्यायचा, मीटर लावून व्होल्टेज शून्य असल्याची खात्री करायची, आणि मगच पुढे जायचं. हा क्रम अंगात मुरेपर्यंत मुलगा सिम्युलेटरवरच राहिला पाहिजे.

सर: तिथे तुमचा क्रम, माझी हरकत नाही. चूक स्वस्त असेल तिथे आधी खरं काम; जिथे जिवावर बेतेल किंवा मशिन बसेल, तिथे आधी पडदा. हे अभ्यासक्रमात कौशल्यागणिक लिहून ठेवा. आज ते निदेशकाच्या मर्जीवर सोडलेलं आहे.

मॅडम: आता साहित्याकडे येऊ. तुम्ही निमीची, म्हणजे राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेची, पुस्तकं वापरत आलात.

सर: वर्षानुवर्षं. १९८६मध्ये जर्मन सहकार्याने चेन्नईत ती संस्था उभी राहिली. त्या साहित्यात मला सगळ्यात काय आवडायचं, सांगू? ते नुसतं पुस्तक नव्हतं, संच होता. थिअरीचं पुस्तक, प्रात्यक्षिकाचं पुस्तक, चाचण्यांचं पुस्तक, भिंतीवरचे तक्ते, प्रोजेक्टरवर लावायच्या पारदर्शिका, आणि निदेशकासाठी मार्गदर्शिका. प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. तक्ता भिंतीवर, प्रात्यक्षिकाचं पान बेंचवर, मार्गदर्शिका माझ्या टेबलावर. आजचं डिजिटल साहित्य येतं तेव्हा त्यात माझ्यासाठी काहीच नसतं. व्हिडिओ मुलाला, प्रश्नसंच मुलाला. हा व्हिडिओ कोणत्या जॉबच्या आधी दाखवायचा, कुठे थांबवायचा, दाखवून झाल्यावर मुलाला काय करायला लावायचं, हे कुणी सांगत नाही.

मॅडम: हा आमच्या क्षेत्राचा खरा दोष आहे. आम्ही पाठ बनवतो आणि शिकवणाऱ्याला वगळतो. भारतस्किल्स पोर्टलवर आज अभ्यासक्रम, पुस्तकं, व्हिडिओ, प्रश्नपेढ्या सगळं फुकट आहे. साठा आहे, जोडणी नाही. व्हिडिओंचीही गत तीच. चाळीस मिनिटांचं व्याख्यान मोबाइलवर कुणी बघत नाही, आणि बघितलं तरी त्याने हात सुधारत नाही. मी आता नव्वद सेकंदांचे तुकडे करते, एका तुकड्यात एकच कृती. कॅमेरा समोरून लावत नाही. समोरून डावं-उजवं उलटं दिसतं. कामगाराच्या खांद्यावरून घेते, म्हणजे मुलाला स्वतःचे हात जिथे दिसतात तिथेच पडद्यावरचे हात दिसतात. आणि पार्श्वसंगीत टाकत नाही. फाईलचा, ड्रिलचा, टॅपचा आवाज तसाच ठेवते.

सर: हे उत्तम. आवाज ठेवलात, हे फार बरं केलंत. टॅप मोडायच्या आधी करकरतो, ते मुलाच्या कानावर पडलं पाहिजे.

मॅडम: आणि मोबाइल नाही तिथे कागद. चाकणच्या कित्येक कारखान्यांत लाइनवर मोबाइल न्यायला बंदी आहे. तिथे क्यूआर कोड छापून काय उपयोग? शॉप फ्लोअरने स्वतःचं साहित्य केव्हाच घडवलं आहे. वन पॉइंट लेसन बघा. एक ए-फोर कागद, त्यावर एकच मुद्दा, डावीकडे चुकीची कृती, उजवीकडे बरोबर, दोन ओळी मजकूर. किंवा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी निघालेली कामाच्या फोडीची पद्धत. ती पुढे जपानी कारखान्यांनी मुरवली. तीन रकाने असतात. पायरी कोणती, त्या पायरीचं मर्म काय, आणि मर्म पाळायचं कारण काय. व्हिडिओ बनवायच्या आधी मी आता हाच तक्ता भरते. कारणाचा रकाना रिकामा राहिला, तर व्हिडिओ काढत नाही.

सर: हा तक्ता भरायला कोणाला बसवता?

मॅडम: आधी मी सुपरवायझरला विचारायचे. आता लाइनवरच्या जुन्या ऑपरेटरला विचारते. मर्म त्याच्याकडे असतं. आणि त्याच्या बोलीतच लिहिते. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली मुलं कॉट बेसिसवर एका खोलीत राहतात आणि एका लाइनवर काम करतात. त्यांना पुस्तकी मराठीही परकी आणि इंग्रजीही परकी. मराठी आणि हिंदी, दोन्ही ध्वनिफिती एकाच चित्रावर ठेवायला खर्च फार येत नाही. छापील पुस्तकाला हे जमलं नसतं.

सर: कारखान्याचा विषय निघालाच आहे, तर त्या जागेबद्दल बोलू. २०१६पासून आयटीआयमध्ये ड्युअल पद्धत आली. संस्थेने कंपनीशी करार करायचा आणि मुलाने अभ्यासक्रमातला काही काळ कंपनीतच शिकायचं. इथल्या फोक्सवॅगनने तर २०११मध्येच जर्मन ड्युअल पद्धतीवर मेकॅट्रॉनिक्सची उमेदवारी सुरू केली होती. कल्पना उत्तमच आहे. पण सगळीकडे अकादमी नसते. लहान व्हेंडरकडे मुलगा गेला, की त्याला एका स्टेशनवर उभं करतात. सहा महिने तो एकच बोल्ट आवळतो किंवा डेबरिंग करतो. कंपनीला हात मिळतात. मुलाच्या वहीत मात्र सहा महिने 'प्रशिक्षण' म्हणून लागतात.

मॅडम: कंपनीची बाजूही बघा, सर. उत्पादनाचं टार्गेट असताना दर आठवड्याला नवखा हात नव्या स्टेशनवर कोण घेईल? एकेका स्टेशनवर रिजेक्शन वाढतं. मोठ्या कारखान्यांनी त्यासाठीच डोजो, म्हणजे सरावाच्या जागा, उभारले. लाइनवर जायच्या आधी मुलगा तिथे टॉर्क रेंच वापरतो, कनेक्टर बसवतो, दोष ओळखतो. आणि स्किल मॅट्रिक्स भिंतीवर असतो. माणसाच्या नावापुढे वर्तुळ, त्याचे चार भाग. माहिती आहे, देखरेखीखाली करतो, एकट्याने करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. मला वाटतं आयटीआयच्या नोंदवहीनेही हेच वर्तुळ घ्यावं. मुलगा कंपनीत किती दिवस होता हे लिहून काही साधत नाही. अभ्यासक्रमातल्या कोणत्या कौशल्याचं वर्तुळ किती भरलं ते लिहावं.

सर: आणि जी वर्तुळं कंपनीत कधीच भरणार नाहीत, ती संस्थेने भरावीत. अभ्यासक्रम असा उलट बाजूने आखायला हवा. कंपनी काय शिकवू शकते ते आधी बघा, उरलेलं आमच्याकडे द्या. पण त्यासाठी वहीत खरं लिहिणारा माणूस कंपनीत हवा, आणि महिन्यातून एकदा तिथे जायला निदेशकाला वेळ हवा.

मॅडम: तो वेळ पडदा देऊ शकतो. सुरक्षेचे नियम, ड्रॉइंगची चिन्हं, मटेरियलचे प्रकार हे तुम्ही दरवर्षी नव्या तुकडीला तेच ते सांगता. ते पडद्यावर गेलं, तर तुमचे तास मोकळे होतात.

सर: मोकळे झालेले तास मला मिळाले तर. आजवर मोकळा झालेला तास कागदी कामाने किंवा दुसऱ्या रिकाम्या पदाच्या जबाबदारीने खाल्ला आहे. आणि परीक्षेचं काय? थिअरीची परीक्षा संगणकावर, चार पर्यायांतून एक निवडायचा. त्यामुळे मुलाच्या मोबाइलवर पुस्तक नसतं, चाचणीचं अ‍ॅप असतं. परीक्षा जशी, तसंच साहित्य घडतं. बाजारात सगळ्यात जास्त काय खपतं? प्रश्नसंच.

मॅडम: परीक्षेचा आकार बदलल्याशिवाय माझे नव्वद सेकंद टिकणार नाहीत, हे खरं आहे. पण संगणकावरची परीक्षा म्हणजे चार पर्यायच, असं नाही. मायक्रोमीटरचं चित्र देऊन वाचन लिहायला सांगता येतं. बिघडलेल्या जॉबचा फोटो देऊन कारण विचारता येतं. आणि मुलाने वर्षभर केलेल्या जॉबचे फोटो, मापं आणि स्वतःच्या चुकांची नोंद, अशी डिजिटल वही प्रात्यक्षिकाच्या गुणांत धरता येते. फुगीर पृष्ठभाग पहिल्या महिन्यात किती होता आणि सहाव्या महिन्यात किती, हे त्यात दिसेल.

सर: ती वही मी आनंदाने तपासेन. त्यात हाताची वाढ दिसते. पण माझं मत शेवटी इथेच येऊन थांबतं. पहिले तीन महिने मुलाचा प्रत्येक तास बेंचपाशी जावा. पडदा त्यानंतर.

मॅडम: आणि माझं मत असं, की पडदा पहिल्या दिवसापासून असावा, कारण तो सोबत असला तरच बेंचपाशी गेलेला तास वाया जात नाही. मोशीच्या पुढून दोन बस बदलून येणाऱ्या मुलीचा नाशिक रस्त्याच्या कोंडीत पहिला तास बुडतो, तेव्हा तिला तो पाठ पुन्हा मिळायला हवा. यावर आपलं एकमत होणार नाही.

सर: होऊ नये. एका गोष्टीवर व्हावं. वाचलेल्या तासावर.

मॅडम: त्यावर आहे. थिअरीतला जो तास पडद्यावर गेला तो त्याच तुकडीच्या, त्याच आठवड्याच्या प्रात्यक्षिकात जमा झाला पाहिजे. आणि ते वेळापत्रकात लिहिलेलं दिसलं पाहिजे.

दोघांचं म्हणणं ऐकल्यावर माझं मत असं. हायब्रिड शिक्षणाचं या पट्ट्यात भलं होईल की वाईट, ते सिम्युलेटरच्या किमतीवर किंवा व्हिडिओंच्या संख्येवर ठरणार नाही. अभ्यासक्रम आखणारे प्रत्येक कौशल्यापुढे दोन गोष्टी लिहितात का, यावर ठरेल. आधी खरं काम की आधी पडदा, ही पहिली. पडद्याने वाचवलेला वेळ यंत्रापाशी किती परत आला, ही दुसरी. दुसरी नोंद आज कुठल्याही वेळापत्रकात नाही. ती नसेल, तर डिजिटल साहित्य कितीही चांगलं असलं तरी ते तास कापायला निमित्त पुरवेल, आणि कमी सरावाचा हात चाकणच्या लाइनवर उभा राहील. त्या हाताने केलेल्या चुकीची किंमत तो मुलगा स्वतः मोजेल. नोकरी गमावून, कधी बोट गमावून. म्हणून मोरवाडी, कासारवाडी, औंध इथल्या संस्थांनी आणि त्यांच्याशी करार करणाऱ्या कारखान्यांनी पुढच्या सत्राचं वेळापत्रक मांडताना हा रकाना आपणहून आखावा. डीजीटीच्या परिपत्रकाची त्यासाठी वाट बघण्याची गरज नाही. निदेशकाची सही, कंपनीच्या प्रशिक्षकाची सही, आणि परत आलेल्या तासांचा आकडा, एवढं त्या रकान्यात असलं की पुरे. वर्षअखेरीस तो आकडा शून्य निघाला, तर त्या संस्थेत हायब्रिडच्या नावाखाली मुलांचे तास कमी झाले आहेत, हे कुणालाही मोजून सांगता येईल.